माथेरानची मिनी ट्रेन आणि तिच्याजवळचा साधा मुक्काम : ओझर परिसरातील प्रवाशांसाठी मार्गदर्शन

रुळांच्या आतल्या दोन कडांमधील अंतराला रेल्वेच्या परिभाषेत ‘गेज’ म्हणतात. नाशिक रोड, निफाड किंवा कसबे सुकेणे येथून धावणाऱ्या ब्रॉडगेज गाड्यांच्या बाबतीत हे अंतर १,६७६ मिलिमीटर असते, तर नेरळहून माथेरानला चढणाऱ्या गाडीचे गेज केवळ ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट आहे. काटेकोर अर्थाने ‘लघुरेल्वे’ ही संज्ञा उद्यानांतून हौसेखातर चालवल्या जाणाऱ्या, याहूनही लहान गाड्यांना लागू पडते आणि माथेरानची रेल्वे ‘नॅरोगेज’ या वर्गात मोडते. परंतु जिच्या डब्यात बसल्यावर हात खिडकीबाहेर नेताच झाडाची पाने लागावीत आणि जिच्या स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर राहण्याची सोय मिळावी, अशी महाराष्ट्रातील दुसरी डोंगरी रेल्वे नसल्यामुळे, छोट्या गाडीच्या सान्निध्यात दोन-तीन दिवस काढू इच्छिणाऱ्या ओझर व निफाड परिसरातील कुटुंबांनी प्रथम तिचाच विचार करणे योग्य ठरते. येथील मुक्काम आणि येथील रेल्वे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. गाडीचे वेळापत्रक न पाहता केलेले हॉटेलचे आरक्षण बहुधा चुकते, आणि मुक्काम न करता केलेला गाडीचा प्रवास धावपळीत संपतो, हे ध्यानात ठेवूनच पुढील विवेचन केले आहे.

माथेरान हे रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील, सुमारे ८०० मीटर उंचीचे आणि सपाट माथ्याचे गिरिस्थान आहे. ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये ते पाहिले आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात तेथे वस्ती वाढली. ब्रॉडगेज गाडी नेरळपर्यंत येत असली तरी तेथून वर जाण्यास घोडा, पालखी किंवा स्वतःचे पाय याखेरीज साधन नव्हते. ही अडचण दूर करण्यासाठी मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभाई यांनी पैसा पुरवला आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम हाती घेतले. सुमारे १६ लाख रुपये खर्चून बांधलेली ही रेल्वे २२ मार्च १९०७ रोजी सुरू झाली. या मार्गाचे सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप होते, ज्यांचे नाव महाराष्ट्रात बार्शी लाइट रेल्वेमुळे अधिक परिचित आहे.

या मार्गाची अवघड बाजू नाशिककडील वाचकास एका तुलनेने चटकन कळेल. कसारा घाटात ब्रॉडगेज मार्गाचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर रूळ १ मीटर वर चढतो, आणि एवढ्या चढासाठीही कसाऱ्याहून इगतपुरीकडे येणाऱ्या गाड्यांना मागून ‘बँकर’, म्हणजे जास्तीचे ढकलणारे इंजिन लावावे लागते. माथेरानच्या मार्गाचा कमाल चढ १:२०, म्हणजे याहून कितीतरी अधिक आहे. त्यामुळेच सुमारे २० किलोमीटरचे अंतर कापण्यास अडीच तासांच्या आसपास वेळ लागतो. मार्ग सरळ वर न जाता डोंगराच्या अंगाने शेकडो वळणे घेत चढत असल्याने इंजिनेही तशीच घडवावी लागली. जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कॉपेल या कारखान्याने येथे पुरवलेल्या वाफेच्या इंजिनांत ‘क्लीन-लिंडनर’ रचना होती. तीत बाहेरचा पोकळ आस आतल्या घट्ट आसाभोवती किंचित कलू शकतो, त्यामुळे पुढची व मागची चाके वळणाप्रमाणे आपली दिशा बदलतात आणि रुळाला घासत नाहीत.

वाफेचे इंजिन पाहण्याच्या आशेने निघणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी : १९५० च्या दशकापासून येथे डिझेल इंजिने येऊ लागली, १९८० च्या दशकाच्या आरंभी वाफेची नियमित वाहतूक थांबली, आणि आज नेहमीची गाडी डिझेलवरच चालते. जुन्या इंजिनांपैकी एक नेरळ येथे जतन केलेले आहे. गाडीत बसण्यापूर्वी मुलांना ते दाखवून त्याच्या चाकांची रचना समजावून सांगण्यास अर्धा तास राखून ठेवावा, कारण त्यानंतरच्या प्रवासात प्रत्येक वळणावर त्या रचनेची आठवण होते. आणखी एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. प्रत्यक्ष वाफेवर धावणारी डोंगरी गाडी हवीच असेल तर दार्जिलिंग किंवा निलगिरीचा लांबचा प्रवास करावा लागतो. या दोन्ही रेल्वे, तसेच कालका-शिमला रेल्वे, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत आणि माथेरानची रेल्वे त्या यादीच्या संभाव्य स्थळांत नोंदलेली आहे. अगदी लहान, मेजावरची आगगाडी पाहून समाधान होणाऱ्या मुलांसाठी पुण्यातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय हा जवळचा पर्याय आहे; मात्र तेथे मुक्कामाचा प्रश्न उद्भवत नाही.

ओझरहून निघताना वेळेचा हिशेब नीट मांडणे सर्वांत महत्त्वाचे आहे. नेरळहून वर जाणाऱ्या मिनी ट्रेन सहसा सकाळी सुटतात आणि माथेरानहून खाली येणाऱ्या दुपारी. ओझरहून पहाटे नाशिक रोड गाठून पंचवटी एक्सप्रेसने कल्याणला उतरले आणि तेथून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडली, तरी नेरळला पोहोचेपर्यंत सकाळच्या गाड्या निघून गेलेल्या असण्याचीच शक्यता अधिक असते. अनेक कुटुंबे येथेच निराश होतात आणि मिनी ट्रेनमध्ये न बसताच परततात. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे आदल्या संध्याकाळी नेरळला येऊन एखाद्या साध्या लॉजमध्ये रात्र काढणे आणि सकाळी लवकर तिकीट खिडकीसमोर रांगेत उभे राहणे. दुसरा, आणि लहान मुले बरोबर असताना अधिक सोयीचा, म्हणजे जाताना नेरळहून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत, म्हणजे वाहनांच्या शेवटच्या थांब्यापर्यंत, जाणे, तेथून जवळच असलेल्या अमन लॉज स्थानकावरून शटल गाडीने माथेरान गाठणे, आणि संपूर्ण घाटाचा प्रवास परतीच्या दिवसासाठी राखून ठेवणे. शटल म्हणजे अमन लॉज आणि माथेरान या शेवटच्या सुमारे तीन किलोमीटरच्या टप्प्यात दिवसभर ये-जा करणारी छोटी गाडी. ती सुमारे वीस मिनिटांत पोहोचते. खाली उतरणारी गाडी वर चढणाऱ्या गाडीपेक्षा कमी आनंद देते असा एक समज आहे, परंतु दरी समोर उघडत जाण्याचा अनुभव उतरतानाच अधिक मिळतो, आणि मुक्कामानंतर डोंगराची ओळख झालेली असल्यामुळे खिडकीतून दिसणारी प्रत्येक सोंड, प्रत्येक कडा नावानिशी ओळखता येतो.

स्वतःच्या मोटारीने येणाऱ्यांनी कसारा घाट उतरून शहापूर, मुरबाड मार्गे कर्जत-नेरळकडे यावे, किंवा कल्याण-बदलापूर मार्ग धरावा. मोटार दस्तुरी नाक्यावरील वाहनतळापर्यंत नेता येते, पण परतीला मिनी ट्रेनने नेरळला उतरायचे ठरले असेल तर मोटार वर आणि प्रवासी खाली अशी अवस्था होते. म्हणून अशा वेळी ती नेरळलाच ठेवावी. शिवाय नेरळ-दस्तुरी रस्ता अरुंद आणि फार चढाचा आहे. घाटात गाडी चालवण्याची सवय नसलेल्याने तो स्थानिक टॅक्सीचालकावर सोपवणेच हिताचे.

हंगामाची निवड करताना निफाड तालुक्यातील शेतकरी कुटुंबांपुढे एक खरी अडचण असते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून द्राक्षबागेत फवारणी, डिपिंग आणि विरळणीची कामे सुरू होतात आणि जानेवारी ते एप्रिल काढणी चालते. म्हणजे माथेरानची हवा सर्वांत आल्हाददायक असण्याच्या नेमक्या काळात बागायतदारास घर सोडता येत नाही. काढणी संपल्यानंतर आणि शाळांच्या सुट्टीची गर्दी वाढण्यापूर्वी मिळणारे एप्रिलमधील काही दिवस, खरड छाटणीच्या धांदलीतून काढता आले, तर या कुटुंबांना सर्वांत उपयुक्त आहेत. एच.ए.एल.मध्ये किंवा इतरत्र नोकरी करणाऱ्यांना दिवाळीनंतरचे आठवडे निवडता येतात. मात्र शनिवार-रविवार टाळून सोमवार ते गुरुवार जागा घेतल्यास दरही उतरतात आणि यजमानाला बोलण्यास सवडही असते. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळ ते अमन लॉज हा भाग सुरक्षिततेसाठी बंद ठेवला जातो आणि फक्त शटल चालते. ही खबरदारी अनाठायी नाही : २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग वाहून गेल्यामुळे तो पूर्ववत होण्यास २००७ उजाडले, आणि २०१९ च्या पावसातील हानीनंतर नेरळहून थेट गाडी पुन्हा धावण्यास ऑक्टोबर २०२२ उजाडला. मधल्या काळात, २०१६ मध्ये डबे रुळावरून घसरल्यानंतरही वाहतूक बंद ठेवून मार्गावर सुरक्षेची कामे केली गेली. म्हणून कोणत्याही हंगामात निघण्याच्या आदल्या दिवशी मध्य रेल्वेच्या ताज्या वेळापत्रकाची खातरजमा करावी. पर्जन्यछायेच्या प्रदेशात राहणाऱ्या ओझरकरांना जुलैतील माथेरानचा पाऊस ही स्वतंत्र पाहण्याजोगी गोष्ट आहे, यात शंका नाही. तथापि तो मिनी ट्रेनसाठीचा प्रवास नव्हे, हे स्वतःशी स्पष्ट असावे.

आता हॉटेलच्या निवडीचा विचार करावयाचा. माथेरानमध्ये दस्तुरी नाक्यापलीकडे मोटारवाहनांना प्रवेश नाही. रुग्णवाहिकेसारखी अत्यावश्यक वाहने आणि पुढे उल्लेखलेल्या ई-रिक्षा एवढेच अपवाद. केंद्र सरकारने २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केल्यामुळे बांधकामावरही बंधने आहेत. याचा परिणाम असा की इतर थंड हवेच्या ठिकाणी हॉटेलची पारख करताना जे निकष लावले जातात, ते येथे फारसे कामाचे नाहीत. येथे पहिला प्रश्न असतो तो स्थानकापासूनच्या अंतराचा. बाजारपेठ आणि माथेरान स्थानक एकमेकांना लागून आहेत. त्यामुळे बाजाराच्या अंगाने असलेले साधे हॉटेल निवडल्यास सामान वाहून नेण्याचा खर्च वाचतो, संध्याकाळी शटलची शिट्टी खोलीपर्यंत ऐकू येते आणि मुले स्वतः चालत जाऊन गाडी पाहून येऊ शकतात. बाजारापासून दूर, झाडीत वसलेल्या जुन्या बंगल्यांतील जागा शांत व देखण्या असतात, परंतु तेथे पोहोचण्यास लाल मातीच्या वाटेवरून अर्धा-पाऊण तास चालावे लागते; वृद्ध माणसे बरोबर असतील तर हा विचार आधी व्हावा. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान दस्तुरी नाक्याच्या बाजूला आहे. उशिरा पोहोचणाऱ्यांना ते सोयीचे पडते, मात्र बाजारात जाण्यासाठी प्रत्येक वेळी शटलवर किंवा पायांवर अवलंबून राहावे लागते.

फोनवरून जागा ठरवताना विचारावयाचे प्रश्न मोजकेच, पण नेमके असावेत. दरात नाश्ता आणि दोन वेळचे जेवण धरलेले आहे का, हे प्रथम विचारावे, कारण येथे जेवणासह दर सांगण्याची पद्धत रूढ आहे आणि दोन हॉटेलांच्या दरांतील फरक अनेकदा केवळ यातूनच निर्माण होतो. दर खोलीमागे आहे की माणशी, लहान मुलांसाठी कोणत्या वयापर्यंत आकारणी नाही, जेवण गुजराती-जैन पद्धतीचे आहे की मांसाहारी पदार्थही मिळतात, हे त्यानंतर. गरम पाणी चोवीस तास असते असे गृहीत धरू नये. साध्या हॉटेलांत ते सकाळच्या ठरावीक वेळातच सोडले जाते, आणि डोंगरमाथ्यावर येणारे बरेचसे पाणी खालून नेरळकडून टप्प्याटप्प्याने उपसून आणलेले असल्यामुळे ते जपून वापरणे हे पाहुण्याचे कर्तव्यच आहे. वीज गेल्यास काय व्यवस्था आहे, खोली सोडण्याची वेळ कोणती आणि त्यानंतर दुपारच्या गाडीच्या वेळेपर्यंत सामान ठेवून घेतले जाईल का, हेही विचारावे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या आपलेपणाने दिले जाते, त्यावरून त्या जागेची पुष्कळशी पारख होते. मिनी ट्रेन रद्द झाली तर आगाऊ दिलेल्या रकमेचे काय, याचे उत्तर शक्यतो लेखी, निदान मोबाइलवरील संदेशाच्या रूपात घ्यावे.

माफक दराचे, घरच्या माणसांनी चालवलेले हॉटेल हे माथेरानमध्ये केवळ काटकसरीचे साधन नाही, तर अधिक योग्य निवड आहे. या गिरिस्थानाचा विस्तार सात चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे आणि दिवसाचा बहुतेक वेळ पायी भटकण्यात जातो; खोलीचा उपयोग झोपण्यापुरता आणि दुपारी पाय पसरण्यापुरता. पोहण्याचा तलाव आणि वाद्यवृंद यांवर खर्च करून दिवसभर हॉटेलातच राहणाऱ्यास येथे येण्याचे कारणच उरत नाही. याउलट छोट्या हॉटेलाचा मालक किंवा तेथे काम करणारा माणूस हा बहुधा माथेरानमध्येच वाढलेला असतो. शटलला आज गर्दी किती आहे, कोणत्या पॉइंटची वाट पावसाने खचली आहे, तिकिटासाठी किती आधी जाऊन उभे राहावे, ही माहिती त्याच्याकडे छापील पत्रकापेक्षा ताजी असते. त्याच्याशी आदराने बोलावे, जेवणाची संख्या वेळेवर कळवावी, आणि स्वयंपाकघर बंद झाल्यावर जास्तीची मागणी करू नये. भाई कोतवालांविषयी विचारले तर बहुतेक स्थानिक मंडळी मोकळेपणाने बोलू लागतात : १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये जन्मलेले, १९४२ च्या चळवळीत भूमिगत राहून लढलेले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे या गावाचे अभिमानस्थान आहे, आणि पर्यटकांनी केवळ पॉइंट मोजत न फिरता हे नाव जाणून घ्यावे, अशी अपेक्षा रास्त आहे.

खोलीत शिरताच खिडक्यांच्या कड्या तपासाव्यात. माकडे येथे इतकी सरावलेली आहेत की उघड्या खिडकीतून चिक्कीचे पुडके नेण्यास त्यांना क्षणही पुरत नाही. खाद्यपदार्थ हातात उघडे धरून चालू नये आणि त्यांना स्वतःहून काही खाऊ घालू तर मुळीच नये. सामान कमी, पाठीवर घेता येईल असे असावे, कारण मिनी ट्रेनच्या डब्यात मोठ्या बॅगांना जागा नसते. पायांत पकड असलेली पादत्राणे हवीत. लाल मातीचे डाग सहज निघत नाहीत, त्यामुळे पांढरे कपडे घरी ठेवलेले बरे. रोख रक्कम पुरेशी जवळ असावी, आणि नियमित औषधे ओझरहूनच बरोबर घ्यावीत.

दस्तुरीपासून किंवा स्थानकापासून हॉटेलपर्यंत जाण्यास हमाल, घोडा आणि २०२२ च्या अखेरीस प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली ई-रिक्षा ही साधने आहेत. माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षाही येथे दीर्घकाळ चालली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून ती बंद करण्याचा आणि त्या चालकांचे ई-रिक्षांच्या आधारे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. घोड्याचे दर आधी ठरवून घ्यावेत आणि शक्य असल्यास फलकावरील दरांशी ताडून पाहावेत. परंतु हमालाच्या मजुरीत घासाघीस करणे शोभत नाही, कारण चढावरून डोक्यावर दोन-तीन बॅगा नेणाऱ्याच्या कष्टांचे मोल त्या चार-दोन दहाच्या नोटांपेक्षा नक्कीच अधिक आहे.

मुक्काम किमान दोन रात्रींचा असावा. पहिली दुपार बाजार, स्थानक आणि शार्लोट तलाव यांत घालवावी; तलावाजवळच पिसारनाथाचे, म्हणजे येथील ग्रामदैवताचे स्थान आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून उत्तरेकडील पॅनोरमा पॉइंटला चालत जावे. सूर्योदयासाठी तो प्रसिद्ध आहेच, पण रेल्वेवर प्रेम करणाऱ्यांसाठी त्याचे महत्त्व वेगळे आहे : घाटातला मार्ग याच डोंगराच्या अंगाला वळसा घालत वर येतो, आणि तो कोठून कसा चढतो हे येथून पाहिले की अभियंत्यांनी केलेल्या कामाची व्याप्ती एका नजरेत येते. वाटेत शेकरू, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली मोठी खार, दिसण्याचा संभव असतो. त्यासाठी बोलणे थांबवून वर झाडांकडे पाहत राहावे लागते. दुपारी विश्रांती घेऊन संध्याकाळी पश्चिमेकडील एखाद्या कड्यावर सूर्यास्त पाहावा. रुळांवरून चालत जाण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ती वाट सपाट व सावलीची असते. परंतु गाडी वळणामागून अचानक समोर येते, म्हणून रुळांपासून दूर राहून, ठरलेल्या पायवाटेनेच जावे. पाण्याच्या बाटल्या व वेष्टने परत खाली न्यावीत, कारण डोंगरावरचा सगळा कचरा कोणाला तरी वाहूनच उतरवावा लागतो.

परतीच्या दिवशी दुपारी माथेरानहून सुटणाऱ्या गाड्यांपैकी पहिली निवडावी. तिकीट खिडकी उघडण्यापूर्वी कुटुंबातील एकाने रांगेत उभे राहावे आणि उरलेल्यांनी हॉटेलातून सामान आणावे. गाडी अमन लॉज, वॉटर पाईप, जुम्मापट्टी अशा लहान स्थानकांवरून नेरळला पावणेदोन-दोन तासांत उतरते, वाटेत मार्गावरील एकमेव छोटा बोगदा लागतो, आणि नेरळहून कल्याणची लोकल पाऊण तासाची आहे. त्यामुळे पहिली गाडी घेतल्यास कल्याणला संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस निवांतपणे मिळते, तर दुसरी घेतल्यास लोकलला थोडा उशीर झाला तरी ती चुकण्याची भीती राहते. पंचवटीचे आरक्षण कल्याणपासूनच, आणि जाण्याच्या तिकिटाबरोबरच करून ठेवावे, म्हणजे रात्री नाशिक रोडला उतरून ओझरचे वाहन गाठताना कोणाची ओढाताण होत नाही.